११ मे : मार्गारेट रदरफोर्ड

ब्रिटिश चरित्र अभिनेत्री मार्गारेट रदरफोर्ड यांचा जन्म लंडनमध्ये ११ मे १८९२ रोजी झाला. बालपणाचा थोडा काळ मद्रासमध्ये गेला. तिथे आई वारली आणि मावशीने त्यांना विम्बल्डनला वाढवले. पियानोच्या शिकवण्या घेणाऱ्या मार्गारेट ओल्ड व्हिकच्या रंगमंचावर आल्या, तेव्हा त्या तेहतिशीत होत्या.

नोएल कॉवर्डच्या ‘ब्लाइद स्पिरिट’मधली (१९४१) मादाम आर्काटी ही त्यांची खरी कमाई. सायकलवरून येऊन मृतात्म्यांना बोलावणारी ही बाई त्यांनी थट्टेवारी न नेता संपूर्ण गांभीर्याने उभी केली. हसू फुटते ते त्यामुळेच! डेव्हिड लीनच्या १९४५च्या चित्रपटात ती आजही पाहता येते.

१९६१ ते १९६४ या काळात त्या चार चित्रपटांत मिस मार्पल झाल्या. अगाथा ख्रिस्तीची मार्पल किरकोळ अंगाची. रदरफोर्ड भारदस्त, हनुवटी पुढे काढून चालणाऱ्या. तरीही ख्रिस्तीने १९६२ची एक मार्पल कादंबरी त्यांनाच अर्पण केली. पती स्ट्रिंगर डेव्हिस या चित्रपटांत त्यांचे सोबती होते.

‘द व्हीआयपीज’साठी सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, तेव्हा सत्तरी उलटली होती. १९६७मध्ये त्या ‘डेम’ झाल्या. २२ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.