दिव्याचा थांबा

डोंबिवली-ठाणे फास्ट लोकलमध्ये दारात उभं राहून मी कॉलेज केलं. म्हणून हा विषय माझ्यासाठी कधीच नुसत्या टाइमटेबलचा नव्हता.

थोडा इतिहास बघू. ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे पोचली १८५४ साली. १९१६ मध्ये पारसिकचा सव्वा किलोमीटरचा बोगदा झाला आणि मुंब्र्याचा वळसा टळला. पुढे फास्ट लोकल बोगद्यातून, स्लो कळवा-मुंब्र्याकडून अशी विभागणी पक्की झाली. दिवा म्हणजे पनवेल आणि वसईकडचे फाटे फुटणारं जंक्शन, पण फास्ट गाडी तिथून सुसाट पुढे!

मधल्या काळात दिव्यात स्वस्त घरांच्या चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या. माणसं वाढली, थांबा मात्र स्लोचाच. बरं, स्लो तरी रिकामी यावी? ती कल्याण-डोंबिवलीतच भरलेली. मग दिव्याचे लोक सकाळी उलटे डोंबिवलीला यायचे, बसून परत जायला. आम्ही त्यांच्यावर वैतागायचो.

२ जानेवारी २०१५ ला पेंटोग्राफ तुटल्याचं निमित्त झालं आणि दिव्याचे प्रवासी रुळांवर उतरले. दगडफेक झाली, कित्येक तास लोकल बंद. अखेर १८ डिसेंबर २०१६ ला काही फास्ट लोकलना दिव्याला थांबा मिळाला.

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. हिशोब सोपा वाटला: ब्रेक, थांबणं, पुन्हा वेग घेणं, म्हणजे दीड-दोन मिनिटं गेली. गाडीतल्या हजारोंना त्याने गुणा. शिवाय दर तीन-चार मिनिटांनी गाडी असेल, तर एकीचा थांबा मागचीलाही अडवतो. माझ्या मते निर्णय चूक होता.

आता कोड लिहिताना कळतं, की मी सरासरी काढत होतो. सरासरीत गाडीत शिरूच न शकलेला माणूस धरलाच जात नाही. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम छान असतो, कारण टाइमआउट झालेले त्यात मोजलेच नाहीत, तसलाच प्रकार! आपण नेमकं काय कमी करायचं ठरवलंय, हा प्रश्न आधी यायला हवा.

खरा उपाय जास्त रूळ. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. बोगदा मेल-एक्स्प्रेसना गेला, फास्ट लोकल मुंब्र्याकडून धावू लागल्या आणि फेऱ्याही वाढल्या. तरी गर्दी पुरून उरली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारातले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चार जण गेले.

मी त्याच दारात उभा असायचो. माझी ती दोन मिनिटं मला आता फार महाग वाटत नाहीत.

असो. उद्या सोमवार. ८ ची फास्ट पकडायचीय.