दशवार्षिक खगोलशास्त्रीय सर्वेक्षण

खगोलशास्त्र व खगोलभौतिकी यांतील पुढील दशकाचे अग्रक्रम ठरविण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीतर्फे सुमारे दर दहा वर्षांनी केली जाणारी पाहणी. पहिला अहवाल १९६४ मध्ये निघाला; त्याचा भर भूस्थित दुर्बिणींवर होता. पुढे अवकाश दुर्बिणींचे महत्त्व वाढत गेले.

कार्यपद्धती : संशोधकांकडून टिपणे मागविली जातात, विषयवार उपसमित्या त्यांची छाननी करतात व मुख्य समिती प्रकल्पांचा क्रम लावते. शिफारशी बंधनकारक नसल्या, तरी नासा व अमेरिकन काँग्रेस त्यांना मोठे वजन देतात.

फलित : १९८२ च्या अहवालात अग्रस्थानी असलेली क्ष-किरण दुर्बीण १९९९ मध्ये ‘चंद्रा’ या नावाने अवकाशात गेली. २००१ च्या अहवालाने अग्रक्रम दिलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचे उड्डाण २५ डिसेंबर २०२१ रोजी झाले. तिचा खर्च सुरुवातीच्या सुमारे १ अब्ज डॉलरच्या अंदाजावरून १० अब्जांच्या घरात गेला. अशी खर्चवाढ आधीच दिसू लागल्यामुळे २०१० च्या सर्वेक्षणात खर्च व तंत्रसिद्धता यांचे स्वतंत्र मूल्यमापन करण्यात आले.

नोव्हेंबर २०२१ च्या अहवालाने सुमारे ६ मी. व्यासाची अवरक्त, दृश्य व जंबुपार प्रकाश टिपणारी दुर्बीण सुचविली. ताऱ्यापेक्षा सुमारे १० अब्ज पट अंधूक असलेला ग्रह त्या ताऱ्याच्या झगमगाटातून वेगळा काढून सुमारे २५ संभाव्य वसतियोग्य ग्रहांचा वेध घेणे, हे तिचे उद्दिष्ट आहे. आराखडा पक्का करण्याआधी तंत्रज्ञान परिपक्व करावे, अशीही शिफारस त्यात आहे.