आपलें पाणी, परकें जहाज

सहलीच्या मोठ्या जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वीं आज प्रवाशाच्या हातीं एक नियमावली पडते. घरून कोणतें पेय आणतां येईल, किती आणतां येईल व कोणतें मुळींच आणतां येणार नाहीं, हें तींत कलमवार छापलेलें असतें. कारण उघड आहे. जहाजावर पेयें विकणें हा कंपनीच्या उत्पन्नाचा एक मोठा भाग असतो. प्रवाशानें बाटल्या घरूनच आणल्या तर तें उत्पन्न बुडतें. नवल वाटेल तें असें कीं, शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं हाच प्रश्न आपल्याकडे नेमका उलट्या रूपानें उभा होता. जहाजाचा कप्तान पाणी देण्यास तयार असे. तें घ्यावें कीं घेऊं नये, या विवंचनेंत प्रवासीच असे. एका पेल्यासाठीं जात जाई, पंगत तुटे, घरांतील मुलींचीं लग्नें अडत.

खानदेशास समुद्र नाहीं. जळगांव किंवा धुळें येथून विलायतेस निघालेल्या माणसाचा प्रवास आगगाडीपासून सुरू होई. १८६० नंतरच्या दशकांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे चाळीसगांव, जळगांव करीत भुसावळास पोहोंचली. तेथून एक फांटा नागपूरकडे व दुसरा खांडव्याकडे गेला. १८७० सालीं मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग जबलपूर-अलाहाबादवरून जोडला गेला आणि भुसावळ हें काशीयात्रेच्या वाटेवरचें मोठें ठाणें बनलें. चाळीसगांवाहून धुळ्याची शाखा १९०० सालीं सुरू झाली. तापीकांठच्या वैशाखांतील ऊन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या काळच्या डब्यांतील तहान निराळी वर्णून सांगावयास नको. या तहानेवरचा घरगुती उपाय म्हणजे फिरकीचा तांब्या. पितळेचा किंवा तांब्याचा, आंटे पाडलेलें झांकण घट्ट बसणारा हा तांब्या वळकटीइतकाच प्रवासाचा अवश्य भाग होता. गाडी हेलकावली तरी पाणी सांडत नसे, आणि दुसऱ्याचा हात त्याला लागत नसे. त्याचें खरें महत्त्व दुसऱ्या गुणांत होतें.

स्टेशनावर पाणी नव्हतें असें नाहीं. रेल्वेनें पाणी देणारे नोकर ठेवले होते. परंतु ‘हिंदू पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ असे दोन पुकारे व दोन भांडीं अनेक ठिकाणीं असत. हिंदूंना पाणी देणारा बहुधा ब्राह्मण असे, कारण त्याच्या हातचें सर्वांना चाले. तो वरून धार सोडी व प्रवासी ओंजळीनें पिई. रुळांवरून धांवणाऱ्या नव्या यंत्राला जुन्या सोंवळ्याशीं केलेली ही तडजोड होती. मुंबईच्या गोदीपर्यंत ती कशीबशी टिकत असे. गोदीपलीकडे मात्र प्रवाशापाशीं आपला तांब्या तेवढा उरे, आणि तो दुसऱ्याच दिवशीं रिकामा होई.

पाण्याविषयीं एवढी दक्षता कां, हें समजून घेतलें पाहिजे. कोरड्या जिन्नसांना विटाळ सहसा लागत नाहीं, असें मानीत. दाणे, फळें, तूप, साखर हीं बाजारांतून आणतां येत. पाणी मात्र भांड्याचा व हाताचा दोष तत्काळ घेतें अशी समजूत होती, आणि पाण्यांत शिजलेलें अन्न तो दोष पुढें वाहून नेतें. त्यांत समुद्रयान कलिवर्ज्य ठरलेलें. या नियमाला गंगाजल हा एक मोठा अपवाद होता. गंगेचें पाणी नासत नाहीं व बाटत नाहीं, या श्रद्धेनें यात्रेकरू तें गडूंत बंद करून शेंकडों कोस नेत. ‘माझा प्रवास’ लिहिणारे वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमींतून परततांना गंगेची कावड खांद्यावर घेऊन कोंकणांत आले, तें याच श्रद्धेच्या बळावर.

समुद्रावरच्या कसोटीचें एक जुनें मराठी उदाहरण पेशवाईंतील आहे. राघोबादादांनीं इंग्रजांची मदत मिळविण्यासाठीं आपला वकील हणमंतराव विलायतेस पाठविला. त्याच्याबरोबर मणियार रतनजी नांवाचे पारशी गृहस्थ होते. १७८१ सालीं हे लोक लंडनमध्यें होते. राजकारणापेक्षां जेवणाखाण्याचाच प्रश्न हणमंतरावाला अधिक जड गेला. आपल्या हातानें पाणी भरून, आपल्या आचाराप्रमाणें स्वयंपाक करावयास लंडनच्या भाड्याच्या खोलींत सोय नव्हती. प्रसिद्ध वक्ते एडमंड बर्क यांनीं त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरीं नेलें आणि बागेंतील कांचघर त्यांच्या स्वयंपाकासाठीं मोकळें करून दिलें. परक्या माणसाच्या आचाराचा असा मान राखणारा यजमान विलायतेंत भेटला. स्वदेशीं मात्र प्रसंग कठीण आला. राघोबादादांच्या ब्राह्मण वकिलांना परत आल्यावर जातीबाहेर समजण्यांत आलें, आणि सुवर्णाच्या योनींतून बाहेर काढून त्यांचा जणूं पुनर्जन्म झाला असें मानल्यावरच ते शुद्ध ठरले, अशी हकीकत विल्फर्ड यानें ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्यें नोंदविली आहे. ज्याला सोनें जमवितां येईल त्यालाच हा दुसरा जन्म मिळणार, हें वेगळें सांगावयास नको.

पुढें वाफेचीं जहाजें आलीं, १८६९ च्या नोव्हेंबरांत सुवेझचा कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन प्रवास सुमारें तीन आठवड्यांवर आला. जहाजावरच्या पाण्याचें रूपहि बदललें. शिडाच्या जहाजांत लांकडी पिंपांतून बंदरावरचें पाणी नेत, आणि कांहीं आठवड्यांत त्याला वास येई. आगबोटींत खाऱ्या पाण्याची वाफ करून ती थंडावून गोडें पाणी बनवितां येऊं लागलें. वाफेपासून थेंबाथेंबानें झालेल्या या पाण्याला कोणाच्या विहिरीचा संबंध नव्हता, आणि पूर्वीं कोणी त्यांत घागर बुडविली नव्हती. तरीहि शास्त्रार्थ करणाऱ्यांचें समाधान झालें नाहीं. यावरून दिसतें कीं, आक्षेप पाण्याला नव्हता, तें देणाऱ्या हाताला होता.

१८८३ च्या ७ एप्रिलला आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या जहाजानें अमेरिकेस निघाल्या. त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परतेन, असा निश्चय त्यांनीं श्रीरामपूरच्या सभेंत जाहीर केला होता. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिन्यांचें पाणी बरोबर नेणें टपालखात्यांतील नोकराच्या पत्नीला शक्यच नव्हतें. त्यांनीं धर्माची खूण तांब्यांत ठेवली नाहीं. शाकाहार, पोशाख व वागणूक यांत ठेवली. १८८८ सालीं मोहनदास गांधी विलायतेस निघाले तेव्हां जातपंचायतीनें त्यांना बहिष्कृत केलें. जहाजावर ते बरोबर नेलेली मिठाई व फळें यांवर बरेचसे राहिले. १८९१ सालीं परत आल्यावर वडील बंधूंनीं त्यांना नाशिकास नेऊन गोदावरींत स्नान घालविलें. ज्या दोषाची एवढी भीति घातली जात होती, तो गोदावरीच्या एका बुडीनें धुतला गेला.

पाण्याचा हा वाद जमिनीवरहि पेटूं शकतो, हें १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्यानें पाहिलें. पंच हौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर चहाबिस्किटें फिरविण्यांत आलीं. आलेल्यांत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला हातीं घेऊन खालीं ठेवला. पुढें हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत आलीं आणि ग्रामण्य माजलें. हीं नांवें प्रसिद्ध करविणारे गृहस्थ गोपाळराव जोशी, म्हणजे परलोकवासी आनंदीबाईंचे पति होते! शंकराचार्यांनीं चौकशी मंडळ नेमलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनींहि पुढें प्रायश्चित्त घेतलें आणि त्यासाठीं मित्रांचे बोल सोसले. पुण्यांतील सर्वांत विद्वान माणसांचीं दोन वर्षें एका चहाच्या पेल्यानें खाल्लीं.

आपलें पाणी आपणच नेण्याची परमावधि मात्र एका राजानें केली. जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह यांना सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचें निमंत्रण आलें. १९०२ च्या मे महिन्यांत ते मुंबईहून ‘ऑलिंपिया’ या भाड्यानें घेतलेल्या जहाजानें निघाले. जहाज नवें कोरें होतें. बरोबर उपास्य देवता होती, सेवकांचा मोठा लवाजमा होता, आणि गंगाजलानें भरलेले चांदीचे प्रचंड रांजण होते. त्यांपैकीं दोन जयपूरच्या राजवाड्यांत आजहि उभे आहेत. प्रत्येकाची उंची पुरुषभर, वजन सुमारें ३४५ किलो व मावणारें पाणी ४,००० लिटरांहून अधिक. राजाच्या आजारानें राज्यारोहण जूनवरून ९ ऑगस्टवर गेलें. पण महाराजांना चिंता नव्हती. भुसावळच्या फलाटावरील यात्रेकरूचा फिरकीचा तांब्या आणि हा रांजण यांच्यामागें एकच विचार होता. फरक केवळ ऐपतीचा होता.

आतां या इतिहासाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण तिच्यावांचून हा इतिहास अर्धाच राहील. रांजण नव्यांचा येथपर्यंत आपण विचार केला. ज्याला तांब्या भरून घेण्यालाच कोणी विहीर दाखवीत नव्हतें, त्याच्या प्रवासाचें काय? १९०१ सालीं सातारा जिल्ह्यांत मसूर स्टेशनावर कांहीं लहान मुलें उतरलीं. वडिलांना भेटण्यासाठीं तीं कोरेगांवाकडे निघालीं होतीं. बैलगाडींत त्यांच्यापाशीं शिदोरी भरपूर होती, पाणी मात्र नव्हतें. रात्र पडली, वाटेंत जकातनाका लागला. पण महारांच्या मुलांना पाणी कोण देणार? अन्न उघडें ठेवून मुलें उपाशी निजलीं. त्यांतील एक मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. हा प्रसंग त्यांनीं पुढें स्वतः लिहून ठेवला आहे.

खानदेशाचा त्या लिखाणांत एक निराळा प्रसंग आहे. १९२९ सालीं सरकारी समितीचे सभासद म्हणून डॉ. आंबेडकर धुळ्याकडील चौकशी आटोपून चाळीसगांवास उतरले. अस्पृश्य बंधूंनीं आग्रह केला म्हणून ते मुक्कामास राहिले. महारवाड्यापर्यंत नेण्यास टांगेवाले राजी होईनात. त्यांना ती नामुष्की वाटे. शेवटीं टांगा मिळाला, पण हांकणारा न मिळाल्यानें अनुभव नसलेल्या एका गृहस्थानेंच तो हांकला. पुलावर टांगा उलटला, डॉक्टर दगडावर पडले व पाय मोडून घेऊन त्यांना बिछान्यावर पडावें लागलें. विलायतेंत शिकून आलेल्या बॅरिस्टराला चाळीसगांवच्या रस्त्यावर मिळालेली ही वागणूक पाण्याच्याच नियमाची होती. फक्त पेल्याच्या जागीं टांगा होता.

दोन वर्षांपूर्वीं, २० मार्च १९२७ रोजीं, महाडच्या चवदार तळ्याचें पाणी आंबेडकर व त्यांचे अनुयायी ओंजळीनें प्याले होते. तें तळें बाटलें म्हणून पंचगव्याच्या घागरी ओतून शुद्ध करण्यांत आलें, आणि खटला हायकोर्टापर्यंत जाऊन १९३७ सालीं अस्पृश्यांच्या बाजूनें निकालांत निघाला. खटला चालू असतांच, १९३१ च्या ऑगस्टांत, गोलमेज परिषदेसाठीं मुंबईहून दोन जहाजें सुटलीं. १५ तारखेला ‘मुलतान’वर आंबेडकर होते. २९ तारखेला ‘राजपुताना’वर गांधी होते, आणि त्यांच्याबरोबर पंडित मदनमोहन मालवीय, पंडितजींनीं गंगाजल व गंगेची माती सोबत घेतली होती. मालवीयांचा आचार प्रामाणिक होता, त्याची थट्टा करण्याचें कारण नाहीं. परंतु दोन्ही जहाजें एकाच परिषदेस निघालीं होतीं, हें विसरतां येत नाहीं. एका पंधरवड्यांत एकाच देशाचे दोन नेते गेले: एकाला आपलें पाणी बरोबर नेण्याची सवय होती, आणि दुसरा देशांतल्या पाण्यावरचा आपला हक्क कोर्टांत सिद्ध करीत होता.

घरचें पाणी नेण्याला आरोग्याची बाजूहि होती. पटकीचें विष पाण्यांतून पसरतें, हें पुढें शास्त्रज्ञांनीं दाखविलें, आणि १८८४ सालीं रॉबर्ट कॉक यांना कलकत्त्यांतील तळ्याच्या पाण्यांत त्या रोगाचे जंतु आढळले. घट्ट झांकणाचा तांब्या त्या अर्थानें शहाणपणाचाच होता. परंतु विटाळाचा नियम जंतूवर नजर ठेवीत नव्हता. तो जातीवर नजर ठेवीत होता. ज्याच्यापाशीं पैसा, मान किंवा तीर्थ होतें, त्याच्यासाठीं तो प्रत्येक वेळीं वांकला. सुवर्णयोनि, गोदास्नान, काशीचें प्रायश्चित्त, चांदीचे रांजण या त्याच्या वांकण्याच्या वाटा होत. कोरेगांवच्या वाटेवरील मुलांसाठीं मात्र तो एक बोटभरहि वांकला नाहीं. असा नियम धर्माचा नसतो, दर्जाचा असतो.

२६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत आली. सार्वजनिक विहिरी, तळीं व घाट यांच्या वापरास जातीवरून आडकाठी करतां येणार नाहीं, असें तिच्या पंधराव्या कलमांत लिहिलें. अस्पृश्यता सतराव्यानें नष्ट झाली. खेड्यांतील पाणवठ्यांवरून तंटे मात्र अधूनमधून कानीं येतातच, आणि तेवढ्यापुरता हा इतिहास संपलेला नाहीं. सहलीच्या जहाजावर बाटली नेऊं न देणारा आजचा नियम कंपनीच्या हिशेबाचा आहे. तो गैरसोयीचा असेल, पण सर्व प्रवाशांना सारखाच आहे, आणि त्यानें कोणाची मान खालीं जात नाहीं. तेवढी समता पाणवठ्यावर आणावयास आपल्याला किती काळ लागला, हें ध्यानांत ठेवून आपण पाणी भरलें पाहिजे.