सांताच्या भेटीचं बिल

गेले दोन वीकेंड रिलीजने खाल्ले, त्यामुळे लेख नाही. आज भरपाई करतो. विषय जरा अवेळी वाटेल, पण डोक्यात बसलाय तो उतरवून टाकलेला बरा.

झालं असं, की गेल्या डिसेंबरात ताई भाचीला घेऊन करमाळ्याहून पुण्याला माझ्याकडे आली. ताईचं एसटीचं तिकीट अर्धं (२०२३ पासून महिलांना अर्ध्यात प्रवास आहे ना), आणि चिऊला पाच पूर्ण नाहीत म्हणून ती फुकट. चिऊने शाळेत कापसाची दाढी लावलेला सांता बघितला होता. आता तिला 'खरा' बघायचा होता. मामा आयटीत, म्हणजे मामाला सांता ओळखत असणारच!

गेलो एका मॉलमध्ये. (नाव सांगत नाही, उगाच कशाला.) खोटा बर्फ, खोटी झाडं, आणि दोरी बांधून केलेली लाईन. लाईनीच्या तोंडाशी बोर्ड. नुसती भेट आणि चॉकलेट २९९, सोबत फोटो ४९९, फोटोफ्रेम आणि खेळणं ७९९. खाली बारीक अक्षरात, स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढू नये. ताईने बोर्ड वाचला आणि म्हणाली, "राहू दे रे, लांबूनच बघू. ती काय, लांबूनही खूश होईल."

मी अर्थातच ७९९ भरले. रिक्षा जाऊन-येऊन ३२०, खाणं ५४०. एकूण १६५९ रुपये, एसटी वेगळी. सांतापुढे चिऊ उभी राहिली जेमतेम दोन मिनिटं. आमची कंपनी क्लाएंटला माझा जो तासाचा रेट लावते, त्यापेक्षा सांताचा रेट कितीतरी भारी :-)

रात्री झोप येईना. म्हटलं, हा प्रकार सुरू कधी झाला? सांताला भेटायचे पैसे पहिल्यापासून पडतात का? मग बसलो वाचत.

मुळातला माणूस म्हणजे संत निकोलस, चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप. हे गाव आजच्या तुर्कस्तानात येतं. त्याची सगळ्यात प्रसिद्ध आख्यायिका आपल्याकडे लगेच कळेल अशी आहे. एका गरीब बापाला तीन मुली, आणि हुंड्याला पैसे नाहीत. निकोलसने रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या आणि गुपचूप निघून गेला. का? तर कोणी दिलं ते कळू नये म्हणून. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या निकोलसचा डच लोकांनी 'सिंटरक्लास' केला आणि अमेरिकेत त्याचा 'सांता क्लॉज' झाला. १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात एक निनावी कविता छापून आली, तिने त्याला आठ रेनडिअरांची गाडी दिली. १८६३ पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्याची चित्रं काढली आणि तो जाडजूड, दाढीवाला, हसरा होत गेला. तरी तोवर तो कागदावरच होता. भेटायचा प्रश्न नव्हता, म्हणून तिकिटाचाही नव्हता.

त्याला कागदावरून खाली उतरवलं दुकानदारांनी. १८४१ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका दुकानाने माणसाएवढा सांता मांडला आणि तो बघायला हजारो पोरं आली. १८७९ मध्ये लिव्हरपूलच्या लुइसेस दुकानाने ख्रिसमसची अख्खी परीनगरी उभारली. आणि १८९० मध्ये अमेरिकेतल्या ब्रॉक्टन गावचा कापड दुकानदार जेम्स एडगर स्वतःच सांताचे कपडे घालून दुकानात फिरायला लागला. हा मूळचा स्कॉटलंडचा, दाढीवाला, पोटाने भरलेला. पॅडिंगची गरज नाही! बातमी पसरली आणि बॉस्टन, प्रॉव्हिडन्सहून लोक पोरांना घेऊन रेल्वेने ब्रॉक्टनला येऊ लागले. अगदी आमच्या ताईसारखे.

एडगर भेटीचे पैसे घेत नसे. का घेईल? पोरगं सांताच्या मांडीवर बसून "मला आगगाडी पाहिजे" म्हणतं, बाप शेजारी उभा राहून ऐकतो, आणि आगगाडी दोन काउंटर सोडून ठेवलेली असते. सांताचा पगार दुकानदार देत होता आणि खेळण्याच्या किमतीतून वसूल करत होता. म्हणजे बिल होतंच, फक्त त्यावर सांताचं नाव नव्हतं.

मग ते नाव आलं कधी? तर फोटोमुळे. १९४३ मध्ये सिएटलमध्ये आर्ट फ्रेंच नावाच्या फोटोग्राफरने बघितलं, की फ्रेडरिक अँड नेल्सन या दुकानात सांतापुढे आयांची आणि पोरांची भली मोठी रांग आहे. त्याने तिथे कॅमेरा लावला आणि फोटो विकायला सुरुवात केली. आजही फिनलंडच्या रोव्हानिएमीला, जिथे १९८५ पासून सांताचं 'ऑफिस' आहे, सांताची भेट फुकट आणि फोटो विकत. तिथवर जायचं विमानभाडं आपलं आपण बघायचं. आमच्या धंद्यात याला फ्रीमियम म्हणतात.

आपल्याकडे मॉल आले ते १९९९ च्या सुमारास. मुंबईत हाजी अलीजवळचं क्रॉसरोड्स त्या वर्षी उघडलं तेव्हा गर्दी एवढी झाली, की आत जायला मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर तिकीट काढा असा नियम केला होता. १९९९ मध्ये मोबाईल कोणाकडे असायचा ते सांगायला नको. पुढे तो नियम गेला, मॉलचं नावही बदललं. आज दारावर तिकीट नाही, ते आत सरकून सांताच्या दोरीपाशी आलंय एवढंच.

इथवर आल्यावर मला आमची करमाळ्याची जत्रा आठवली. कमलाभवानीचं देऊळ अठराव्या शतकात निंबाळकरांनी बांधलं. मोठं देऊळ, दीपमाळा, शहाण्णव पायऱ्यांची बारव. कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते. देवीचं दर्शन फुकट, कारण देवळाचा खर्च कोणीतरी तीनशे वर्षांपूर्वीच करून ठेवलाय. पैसे लागतात ते बाहेर. गोडीशेव, पिपाणी, पाळणा, मौत का कुआँ, आणि फोटो स्टुडिओ. पडद्यावर रंगवलेलं ताजमहाल, पुढे पुठ्ठ्याची मोटारसायकल. त्यावर बसायचं आणि फोटो. बघा, आर्ट फ्रेंच आमच्या जत्रेतही होता!

मी सात-आठ वर्षांचा असेन. अण्णांनी आम्हा दोघांना मिळून पन्नासची नोट दिली होती. मला मोटारसायकलवरचा फोटो पाहिजेच होता. तीस रुपये गेले. दहाची गोडीशेव घरी न्यायची होती. उरले दहा, म्हणजे एकाचाच पाळणा. ताई म्हणाली, "राहू दे, तू बस. मला चक्कर येते."

मी बसलो. वरून ताई बारकी दिसत होती, हातात गोडीशेवेची पुडी. मी हात हलवला, तिनेही हलवला.

लग्नानंतर एकदा ताई जत्रेला माहेरी आली होती. चिऊला मांडीवर घेऊन पाळण्यात बसली आणि दोनदा बसली. चक्कर बिक्कर काही नाही. उतरल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, "तेव्हा यायची." आणि विषय बदलला.

तर सांताच्या बिलाचा इतिहास थोडक्यात असा. निकोलसने स्वतः भरलं आणि तोंड लपवलं. एडगरने भरलं आणि खेळण्यात वसूल केलं. मॉलने ते बोर्डावर लिहून आईबापापुढे ठेवलं. प्रत्येक वेळी कोणीतरी भरलंच आहे. फरक एवढाच, की पूर्वी दोरीबाहेर कोणी राहत नव्हतं, आणि आता २९९ नसतील तर "लांबूनच बघू" म्हणावं लागतं. त्या दिवशीही दोरीबाहेर बरीच पोरं होती, बापाच्या खांद्यावर बसून बघणारी. मी १६५९ चा हिशोब मांडला, पण त्यांच्याकडे तेव्हा माझं लक्षच गेलं नाही, हे कबूल करतो.

चिऊची फ्रेम आता करमाळ्याच्या घरी आहे, माझ्या मोटारसायकलच्या फोटोशेजारी. मागच्या फोनला ती म्हणाली, "मामा, सांता तुझ्या ऑफिसात असतो का रे?"

म्हटलं, नाही गं. तुझ्या घरीच असतो. पण आईला विचारू नकोस, ती सांगणार नाही.

असो. पुढच्या शनिवारी भेटू.