ऐकणारा वीर : वेताळकथेची चित्ररूपे

१

‘तलवार आणि जादू’ या कथाप्रकाराला हे नाव मिळाले ते १९६१ मध्ये, फ्रिट्झ लायबर या अमेरिकन लेखकाकडून. रॉबर्ट हॉवर्ड (१९०६–१९३६) याने ‘वीअर्ड टेल्स’ या नियतकालिकात लिहिलेल्या कॉनन-कथा या प्रकाराचा नमुना मानल्या जातात. एकटा शस्त्रधारी पुरुष, त्याच्यासमोर उभी ठाकलेली अतिमानवी शक्ती आणि या दोहोंचा वापर करून घेऊ पाहणारा मांत्रिक असा या कथांचा ढोबळ सांगाडा सांगता येईल. वेताळपंचविशीची चौकटकथा या सांगाड्यात चपखल बसते. स्मशान, प्रेत, खड्गधारी राजा, कपटी भिक्षू आणि सिद्धीची लालसा हे सारे तिच्यात आहे. मात्र एवढ्यावरून ‘हे आमच्याकडे नऊशे वर्षांपूर्वीच होते’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे विचार सुरू होण्याआधीच थांबवणे होय. या साम्यामुळे जो प्रश्न उभा राहतो तो अधिक महत्त्वाचा आहे. अशी कथा शब्दांतून चित्रांत जाते तेव्हा तिच्यातील काय टिकते आणि काय गळते?

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या कथेतील वीराची खरी कृती शस्त्र चालवण्याची नसून ऐकण्याची आहे. चित्राला तलवार दाखवता येते, प्रेत दाखवता येते. ऐकणे दाखवणे मात्र त्याला फार अवघड जाते. मराठी वाचकांच्या मनातील विक्रम घडला तो याच अडचणीतून.

२

अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त ही कथामाला येते. तेथील राजा उज्जैनीचा विक्रमादित्य नाही. तो गोदातीरावरील प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, त्रिविक्रमसेन आहे. क्षान्तिशील नावाचा भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. एके दिवशी माकडाच्या हातून फळ फुटते, आतून रत्न बाहेर पडते आणि राजा भिक्षूचा ऋणाईत होतो. त्या ऋणापोटी त्याला रात्री स्मशानात जाऊन शिंशपा वृक्षावर टांगलेले प्रेत आणावयाचे असते.

पुढचा भाग सर्वपरिचित आहे; परंतु त्यातील तर्काची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. प्रेतातील वेताळ वाटेत कथा सांगतो व शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल आणि तो बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाईल. याचा अर्थ असा की, जाणकार माणसाला या फेऱ्यातून सुटका नाही. ज्ञान असेल तर बोलणे भाग आहे, आणि बोलले की केलेले श्रम वाया जातात. या फेऱ्याला दार एकच आहे, आणि ते म्हणजे अज्ञान. शेवटच्या कथेत पिता राजकन्येशी आणि पुत्र त्या राजकन्येच्या मातेशी विवाह करतो. त्यांना झालेल्या अपत्यांचे परस्परांशी नाते काय, असा प्रश्न येतो. राजाला उत्तर सुचत नाही. तो मुकाट्याने चालत राहतो. हे मौन हट्टाचे नाही, ते प्रामाणिक आहे. म्हणूनच वेताळ प्रसन्न होतो आणि भिक्षूचे कपट उघड करतो. भिक्षू साष्टांग नमस्कार घालावयास सांगेल तेव्हा ‘तो कसा घालतात ते आधी तूच दाखव’ असे म्हणण्याचा सल्लाही तो देतो. राजा तसे करतो आणि वाकलेल्या भिक्षूचा शिरच्छेद करतो.

सबंध कथामालेत राजाची तलवार माणसावर चालते ती येथे आणि एकदाच. त्यापूर्वीच्या साऱ्या फेऱ्यांत तिचे काम फार तर प्रेताचा दोर कापण्याचे असते. एवढ्या दीर्घकाळ आवरून धरलेले शस्त्र योग्य क्षणी उचलता यावे यासाठी राजाने काय केले? त्याने ऐकले. वेताळकथेचा अंत हा या ऐकण्याला आलेले फळ आहे.

३

मुद्रणयुगाच्या आरंभीच या कथापरंपरेला मराठी गद्यात स्थान मिळाले. श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८१४ मध्ये ‘सिंहासनबत्तीशी’ निघाली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० ची. या पुस्तकांत वेताळ हा मुख्यतः आवाज होता; त्याला चेहरा ज्याने त्याने आपापल्या कल्पनेने द्यावयाचा होता. गावच्या वेताळानेही त्यात फारशी मदत केली नसती. गोव्यात आमोणे, लोलये येथे बेताळाच्या सावयव मूर्ती आहेत. परंतु देशावरच्या खेड्यांतून वेताळ म्हणजे बहुधा शेंदूर फासलेला तांदळा. अमावास्येच्या रात्री निघणाऱ्या त्याच्या पालखीची भीती असे. पण रूप नसे.

विटा, खानापूर, आटपाडी या टापूतील वाचक डोळ्यांसमोर आणला तर पुढचा बदल अधिक स्पष्ट होतो. चित्रांतून कथा सांगण्याचा प्रकार या भागाला अगदीच परका नव्हता. आटपाडी ज्या औंध संस्थानात होती तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१६ मध्ये ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध केले होते. पण ते देवांचे चरित्र होते. वेताळाला घराघरांत चेहरा दिला तो ‘चांदोबा’ने. १९४७ मध्ये तेलुगू व तमिळमध्ये सुरू झालेल्या ‘चंदामामा’ची ही मराठी आवृत्ती १९५२ पासून मद्रासहून निघू लागली. या टापूतील गलाई व्यावसायिकांची कुटुंबे पोटासाठी दक्षिणेपर्यंत पसरली, आणि त्याच दक्षिणेतून हा राजा मराठी बोलत इकडे आला.

‘शंकर’ या नावाने चित्रे काढणारे के. सी. शिवशंकरन (१९२४–२०२०) यांनी वेताळकथेसाठी केलेली चित्ररचना कोणाही जुन्या वाचकाला आठवेल. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, भोवती कवट्या आणि सर्प, आणि प्रेतातून उसळणारा वेताळ. महिन्यामागून महिने राजा त्याच स्मशानातून त्याच पवित्र्यात चालत राहिला. काटेकोर अर्थाने ही चित्रकथा नव्हे, सचित्र कथा होय. येथे चौकटींची मालिका काळाला पुढे नेत नाही. पण याच मर्यादेमुळे एक गोष्ट साधली. चित्राने चौकटकथा पेलली आणि कोडे गद्याकडे सोपवले. चित्रकथी जसा पाने दाखवताना स्वतःचा आवाज कायम ठेवतो, तसा येथे वेताळाचा आवाज गद्यात शाबूत राहिला.

मोबदला मात्र दुसरीकडे द्यावा लागला. मूळ कथा अपुऱ्या पडल्यावर नव्या कथा रचून ही मालिका कित्येक दशके चालू राहिली. मालिका चालावयाची तर राजाने प्रत्येक वेळी उत्तर दिले पाहिजे, मौन भंगले पाहिजे, वेताळ झाडावर परतला पाहिजे. अज्ञानाची ती शेवटची रात्र आली तर मालिकाच संपेल! परिणामी सोमदेवाच्या कथेत अखेरीस निरुत्तर होणारा राजा येथे कायमचा सर्वज्ञ न्यायाधीश झाला. आणि प्रत्येक अंकात उपसलेली ती तलवार कधीच खाली आली नाही. वाचकाने ती शेकडो वेळा पाहिली. ती कशासाठी आहे हे मात्र त्या मालिकेने त्याला सांगितले नाही.

बर्टनच्या १८७० मधील इंग्रजी रूपांतराशी तुलना केली असता हे अधिक ठळक होते. अर्नेस्ट ग्रीझे याच्या चित्रांसह निघालेल्या त्या पुस्तकात पंचवीसऐवजी अकराच कथा आहेत, शैलीही स्वैर आहे. तरी अकराव्या कथेला राजा निरुत्तर होतो आणि शेवट होतो. बर्टनने कथा तोडल्या पण अंत राखला. मासिकाने कथा वाढवल्या आणि अंत लांबणीवर टाकला. कथामालेची निष्ठा कथांच्या संख्येत शोधावी की तिच्या अंतात, हा प्रश्न रूपांतराच्या विचारात मूलभूत मानला पाहिजे.

याच काळात ‘वेताळ’ या शब्दालाही दुसरा चेहरा मिळाला. १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने ली फॉकच्या ‘फँटम’ला मराठीत वेताळ म्हटले. हा बुरखाधारी वेताळ प्रश्न विचारीत नाही. तो ठोसा मारतो. तो अर्थातच रूपांतर नव्हे. पण चौकटींच्या मालिकेला कोणता वेताळ सोयीचा, याचा तो बोलका पुरावा आहे.

४

चौकटींच्या मालिकेत ऐकणाऱ्या वीराचे काय होते, हे पाहण्यासाठी हॉवर्डकडे वळू. मार्च १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची ‘द टॉवर ऑफ द एलिफंट’ ही कथा या प्रकारातील अभिजात मानली जाते. तरुण कॉनन मांत्रिक याराच्या मनोऱ्यात रत्न चोरावयास शिरतो. वर त्याला गजमुखी मूर्ती दिसते. पण ती मूर्ती नसते. तो परग्रहावरून आलेला, याराने आंधळा करून छळलेला, जिवंत यग-कोशा असतो. येथवर धाडसाची असलेली कथा येथे थांबते आणि ऐकू लागते. आपली दीर्घ कहाणी सांगून यग-कोशा कॉननला विनवतो की, तुझ्या तलवारीने माझे हृदय काढ, त्याचे रक्त त्या रत्नावर पिळ आणि ते रत्न याराकडे ने.

साम्य लक्षणीय आहे. बंदिस्त अमानुष जीव बोलतो, शस्त्रधारी मनुष्य ऐकतो आणि त्या ऐकण्यामुळेच तलवारीला तिचे खरे काम सापडते. नाश होतो तो मांत्रिकाचा. गजमुखामुळे मराठी वाचकाला गणपतीची आठवण होईल, पण ते साम्य वरवरचे आहे. खरे साम्य कथनाच्या रचनेतील आहे.

मार्व्हलने या कथेची दोन रूपांतरे केली आणि दोन्हींचे लेखन रॉय टॉमस यांचे. १९७१ मधील रंगीत अंकाची चित्रे बॅरी स्मिथ यांची. १९७७ मधील कृष्णधवल मासिकातील चित्रे जॉन ब्युसेमा व आल्फ्रेडो अल्काला यांची. पुढे २००५–०६ मध्ये डार्क हॉर्सने कर्ट ब्युसिक व कॅरी नॉर्ड यांच्याकडून तिसरे करून घेतले. एकाच कथेकडे पुन्हा पुन्हा वळावेसे वाटण्याचे एक कारण तिच्या मध्यभागी असलेली ही स्तब्धता असावी. मनोऱ्याची चढण, सिंह, महाकाय कोळी ही सारी चित्राची हक्काची स्थळे आहेत. पण यग-कोशा बोलू लागला की रूपांतरकारापुढे पेच पडतो. कहाणीतील ताऱ्यांचा प्रवास चितारावा तर ऐकणारा कॉनन चौकटीबाहेर जातो. त्याला चौकटीत ठेवावे तर काळ गोठतो आणि शब्दांचे फुगे चित्राला झाकून टाकतात. या पेचातून पूर्णतः सुटण्याचा मार्ग नाही. पण हॉवर्डची कथा संपते, त्यामुळे तलवार उचलली जाते आणि ऐकण्याला त्याचे फळ मिळते. विक्रमाच्या मासिक मालिकेला ही सोय नव्हती.

५

या चित्ररूपांना बालवाङ्मयाच्या कप्प्यात टाकून समीक्षेने आपली सुटका करून घेतली आहे. परंतु मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी वेताळ प्रथम पाहिला तो तेथेच. १९८५ च्या दूरदर्शन मालिकेने त्याच ओळखीला उजाळा दिला. या वाचकांनी राजाकडून काय घेतले? प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते, शहाण्याने ते द्यावयाचे असते आणि उत्तर दिले तरी हाती काही लागत नाही, एवढे त्यांना मिळाले. ही शिकवण कमी नव्हे. तिच्यात एक कठोर सत्य आहे. पण ‘मला ठाऊक नाही’ या जाणिवेनेच सुटका होते, हे कथेचे उरलेले अर्धे सत्य त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही.

हा दोष शंकरांच्या रेषेचा नव्हे. त्या रेषेने वेताळाला मराठी घरात आणले आणि मूळ संहितेकडे जाण्याची वाट खुली ठेवली. ‘चांदोबा’ आता निघत नाही. त्याचे जुने अंक ज्या वाचनालयांत उरले असतील तेथे ते रद्दीत जाण्याआधी नोंदले गेले पाहिजेत. विक्रमाने वर्षानुवर्षे दिलेली उत्तरे एकत्र मांडून वाचली, तर मराठी समाजाला त्या काळात न्याय कशात दिसत होता, याचा एक दस्तऐवज हाती येईल. आणि ते अंक वाचणाऱ्याने शेजारी सोमदेवाची शेवटची कथा उघडून ठेवावी. प्रतिष्ठानचा तो राजा तेथे खांद्यावर ओझे घेऊन, काही न बोलता चालला आहे.