विषाणूच्या साह्याने जनुक ‘मुके’ करण्याचे तंत्र

प्रतिनिधी, वाकड

मानवी पेशीत प्रथिने घडविणारी सुमारे २० हजार जनुके असतात. त्यांपैकी एखादे जनुक नेमके काय काम करते, हे ओळखण्याचा सरळ मार्ग म्हणजे ते बंद करून पेशीत कोणता बदल होतो ते पाहणे. जगभरातील प्रयोगशाळा या कामासाठी विषाणूंचाच वाहन म्हणून उपयोग करतात. कर्करोग, एड्स आणि रक्ताचे आनुवंशिक आजार यांवरील संशोधनात हे तंत्र आता नित्याचे झाले आहे.

तंत्राचा उगम

१९९० मध्ये अमेरिकेत पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद करण्याच्या प्रयत्नात रंगाचे जादा जनुक घालण्यात आले. फुले मात्र पांढरी निपजली. या कोड्याची उकल १९९८ मध्ये झाली. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की दुपदरी आरएनए पेशीत शिरल्यास त्याच्याशी जुळणारा संदेशवाहक आरएनए नष्ट होतो. मूळ जनुक शाबूत राहते. पण त्याचा निरोप पोहोचत नाही. या ‘आरएनए इंटरफिअरन्स’च्या शोधाला २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मानवी पेशींतही केवळ २१ अक्षरांचा आरएनए हे काम करतो, हे २००१ मध्ये सिद्ध झाले.

विषाणूच का?

बाहेरून सोडलेल्या आरएनएचा परिणाम काही दिवसांतच ओसरतो. शिवाय चेतापेशी व रक्तपेशी त्याला सहजी आत घेत नाहीत. विषाणू मात्र पेशीत शिरण्यात निष्णात असतो. एचआयव्ही ज्या कुळातला, त्या लेंटीव्हायरस गटाचे विशेष असे, की तो विभाजन न होणाऱ्या पेशींतही शिरतो आणि आपला मजकूर गुणसूत्रात कायमचा जोडतो. एचआयव्हीपासून बनविलेल्या अशा वाहकाची क्षमता १९९६ मध्ये अमेरिकेतील साल्क इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी दाखविली. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ इंदर वर्मा त्या चमूत होते.

प्रयोगाची पद्धत

प्रथम निवडलेल्या जनुकाशी जुळणारा, केसाच्या पिनेप्रमाणे दुमडणारा छोटा आरएनए तयार करणारा डीएनए एका प्लाझमिडमध्ये बसविला जातो. विषाणूचे अंतर्गत घटक आणि बाह्य आवरण यांची जनुके वेगळ्या प्लाझमिडांवर ठेवलेली असतात. ही सर्व प्लाझमिडे ‘एचईके २९३-टी’ नावाच्या मानवी पेशींत एकत्र सोडली, की ४८ ते ७२ तासांत विषाणूचे कण बाहेरच्या द्रवात जमा होतात. तो द्रव गाळून अभ्यासाच्या पेशींवर घातला जातो. वाहकासोबत प्युरोमायसिन या औषधाला दाद न देणारे जनुकही जोडलेले असते. त्यामुळे नंतर हे औषध दिल्यावर वाहक न पोहोचलेल्या पेशी मरतात आणि बदललेल्या तेवढ्या उरतात. अखेर संदेशवाहक आरएनए व प्रथिन किती घटले, याची मोजणी होते.

पुणे परिसरातील काम

वाकडकरांच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्था देशभरातील प्रयोगशाळांना पेशीवाण पुरविते. याच संस्थेत डॉ. देबाशिस मित्रा यांच्या गटाने एचआयव्हीच्या वाढीला मानवी पेशीतील कोणती प्रथिने हातभार लावतात, याचा अभ्यास केला. ‘हीट शॉक प्रोटीन ४०’ मुके केल्यास विषाणूच्या जनुकांचे कार्य मंदावते, असे त्यांच्या २००५ च्या शोधनिबंधात नमूद आहे. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत भोसरी येथे १९९२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही विषाणूशास्त्रातील मोठे केंद्र आहे. तिच्या आजच्या नावात ‘ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी’ हे शब्द समाविष्ट झाले आहेत.

सुरक्षिततेचे नियम

एचआयव्हीपासून बनलेला वाहक म्हटल्यावर धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. मात्र विषाणूची आवश्यक जनुके विभागून ठेवल्यामुळे तयार झालेला कण एकदाच पेशीत शिरतो. त्याची पुढे वाढ होत नाही. तरीही तो गुणसूत्रात जोडला जात असल्याने सुई टोचण्यासारखा अपघात गंभीर मानला जातो. कर्करोगाला आवर घालणारे जनुक बंद करणारा वाहक हाताळताना तर विशेष दक्षता घ्यावी लागते. भारतात असे काम पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे यांच्या चौकटीत चालते. त्यावर प्रत्येक संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची देखरेख असते.

फसगतीचा धोका

छोटा आरएनए कधी कधी भलत्याच जनुकालाही गप्प करतो. ‘मेल्क’ या जनुकावाचून कर्करोगाच्या पेशी जगू शकत नाहीत, असा निष्कर्ष या तंत्राच्या आधारे निघाला होता आणि त्यावर बेतलेल्या औषधाच्या रुग्णांवरील चाचण्याही सुरू झाल्या होत्या. २०१७ मध्ये क्रिस्पर तंत्राने ते जनुक पूर्णपणे काढले, तेव्हा पेशी सुखेनैव वाढत राहिल्या. म्हणूनच एकाच जनुकासाठी दोन-तीन वेगवेगळे आरएनए वापरणे, निरर्थक क्रमाच्या आरएनएशी तुलना करणे आणि जनुक परत दिल्यावर परिणाम पुसला जातो का हे तपासणे आवश्यक ठरते.

प्रयोगशाळेतून रुग्णाकडे

सिकलसेलच्या रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनला रोखणारे ‘बीसीएल ११-ए’ जनुक लेंटीव्हायरसद्वारे मुके करण्याचा प्रयोग अमेरिकेत बोस्टन येथे झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार सहा रुग्णांत हे हिमोग्लोबिन वाढले आणि पाठपुराव्याच्या काळात आजाराचा त्रास कमी झाला किंवा थांबला. त्याच जनुकाला क्रिस्परने लक्ष्य करणाऱ्या उपचाराला ब्रिटन व अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर जाहीर झाली.

गडचिरोली, नंदुरबार आणि मेळघाटातील आदिवासी कुटुंबांत सिकलसेल पिढ्यान् पिढ्या आढळतो. त्यांच्या दृष्टीने २२ लाख डॉलरचा उपचार असून नसल्यासारखाच आहे. वाहक तयार करण्याचे ज्ञान आणि सुविधा देशात उभ्या राहिल्या, तरच हा खर्च आवाक्यात येण्याची आशा बाळगता येईल.