मारिओंच्या दोन भिंती : उपाहारगृहातले चित्र इतिहासाचे साधन केव्हा होते?

आजचा धागा दोन भिंतींविषयी आहे. त्या ना गडावरच्या आहेत, ना लेण्यातल्या, ना वाड्यातल्या. मुंबईत कुलाब्याच्या हमरस्त्यावर, रीगल चित्रपटगृहाजवळ, कॅफे मोंडेगार नावाचे इराणी उपाहारगृह १९३२ सालापासून चालू आहे. त्याच्या समोरासमोरच्या दोन भिंती व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी चित्रांनी भरून टाकल्या. एका भिंतीवर मुंबईचे जीवन आहे आणि दुसऱ्या भिंतीवर खुद्द या उपाहारगृहातले वातावरण. गेली तीन दशके हजारो माणसे त्या चित्रांखाली बसून खाऊन-पिऊन, गप्पा मारून उठून गेली. इतिहासाचे साधन म्हणून मात्र या भिंतींकडे पाहण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

प्रथम चित्रकाराविषयी. मारिओंचा जन्म १९२६ साली दमणला झाला. घर गोव्यातील लोटली गावचे. लहानपणी हा मुलगा घराच्या भिंतींवर चित्रे काढू लागला, तेव्हा भिंती वाचवण्यासाठी आईने त्याच्या हाती कोरी वही दिली, ही हकिकत त्यांच्या चरित्रात हमखास येते. पुढे ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाले, आणि तेही इतिहास विषय घेऊन. (आपल्यापैकी ज्यांना घरी ‘इतिहास घेऊन करणार काय?’ असे विचारले जाते, त्यांनी हे उदाहरण जपून ठेवावे.) काही वर्षे जाहिरातींच्या स्टुडिओत उमेदवारी झाली. मग ‘करंट’ हे नियतकालिक, त्यानंतर टाइम्स समूहाची प्रकाशने, मध्यंतरी पोर्तुगाल आणि लंडन येथील वास्तव्य, असा प्रवास झाला. मिस फोन्सेका, गोडबोले, बंडलदास, रजनी निंबूपाणी ही त्यांची पात्रे एका पिढीच्या ओळखीची होती. ११ डिसेंबर २०११ रोजी लोटलीलाच त्यांचे निधन झाले आणि २०१२ साली मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

मारिओंचे कागदावरचे काम बऱ्यापैकी सुरक्षित आहे. वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी त्यांची हजारो चित्रे शोधून, जुळवून ग्रंथरूपात आणली. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या चित्रमय रोजनिशाही छापल्या गेल्या. कागदाचे असे असते : तो हलवता येतो, त्याच्या प्रती निघतात, आणि एक प्रत गेली तरी दुसरी कुठेतरी उरते. भिंतीला ही सोय नाही. शिवाय दुकानाची भिंत दुकानाबरोबर जगते. गाळा विकला, भाडे वाढले, वारसांची मने फिरली, नव्या सजावटकाराला पांढरा रंग आवडला, यांपैकी काहीही एक घडले की चित्र संपले. जहांगीर कलादालनातले ‘समोवार’ १९६४ साली सुरू झाले आणि २०१५ साली बंद पडले. पन्नास वर्षांची बैठक एका वसंतात उठली. मोंडेगारची चित्रे आज भिंतीवर आहेत, हे त्या व्यवसायाचे कर्तृत्व आहे. सरकारी यंत्रणेचा त्यात काही वाटा नाही.

भित्तिचित्रांच्या नोंदीचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याने १८४०च्या दशकात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यास आरंभ केला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत तेच काम पुन्हा करीत राहिले. पेस्तनजी बोमनजी त्याच विद्यार्थ्यांपैकी एक. १८८५ साली लंडनमध्येच पुन्हा आग लागली आणि त्यांतीलही पुष्कळ चित्रे गेली! आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. चित्र नीट दिसावे म्हणून मूळ भिंतीवर व्हार्निश चढवले गेले. ते पुढे पिवळे पडले आणि रंगांना अपायकारक ठरले. १९२० नंतर निजामाच्या राज्याने इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांच्या कामात हे जुने लेप काढणेही होते. नोंद करणारा माणूस नोंदीच्या विषयाला इजा करू शकतो, हा धडा आपल्याच लेण्यांनी दिलेला आहे.

अजिंठ्यात मूळ भिंत राहिली आणि प्रती जळाल्या. मोंडेगारसारख्या ठिकाणी उलटे होण्याचा संभव अधिक. भिंत जाईल आणि मागे राहतील ती पर्यटकांच्या मोबाइलमधली छायाचित्रे. त्यांत पुढे मित्रमंडळींचे चेहरे, मागे अर्धवट कापलेले चित्र, वर दिव्याची तिरीप. लाखभर छायाचित्रे असूनही दस्तऐवज एकही नाही, अशी ही विचित्र श्रीमंती.

आता त्या भिंती वाचायच्या कशा? पहिला प्रश्न काळाचा. ‘नव्वदच्या दशकाचा आरंभ’ एवढी नोंद प्रवासी मार्गदर्शिकेला पुरते, इतिहासाला पुरत नाही. जुलै १९९१ नंतर अर्थव्यवस्था बदलू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शहरात दंगली झाल्या. १२ मार्च १९९३ रोजी बॉम्बस्फोटांची मालिका झाली. १९९५ साली इंग्रजीतले ‘बॉम्बे’ अधिकृतपणे ‘मुंबई’ झाले. या चार-पाच वर्षांत शहर स्वतःकडे पाहण्याची पद्धतच पालटली. तेव्हा सर्व थरांची माणसे एका चौकटीत खेळीमेळीने दाटीवाटी करून बसलेली दाखवणारे चित्र दंगलीपूर्वी काढले असेल तर त्याचा अर्थ एक होतो आणि दंगलीनंतर काढले असेल तर दुसरा. पहिल्या पक्षी ते वर्णन, दुसऱ्या पक्षी कदाचित हट्ट. रंगाच्या दुकानाची पावती, परातीची म्हणजे परांचीची मजुरी, मालकाच्या वहीतला एखादा आकडा अशा क्षुल्लक कागदावर हा निर्णय अवलंबून असतो. पेशव्यांच्या दफ्तरात आपण जमाखर्चाचे रुमाल याच कारणासाठी उलगडतो.

दुसरा प्रश्न साधनचिकित्सेचा. व्यंगचित्रकार फुगवून सांगतो, हे उघड आहे. त्यातही हे चित्र मागणीवरून काढलेले. गिऱ्हाइकाला घटकाभर बरे वाटावे हा त्याचा एक हेतू. उपाहारगृहातल्या गिऱ्हाइकांना उपाहारगृहातलीच गिऱ्हाइके दाखवणारी ती दुसरी भिंत तर आरशासारखी आहे, आणि आरसा मालकाने निवडलेला आहे. मारिओंच्या स्त्रीचित्रणाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. मिस फोन्सेकाचा घट्ट, ठिपक्यांचा पोशाख आणि तिच्याकडे वळलेल्या कचेरीतल्या नजरा हा त्या काळातील पुरुषी विनोद होय. आज तो हसून सोडून देता येत नाही. माझ्या मते त्यामुळे या चित्रांचे साधनमूल्य घटत नाही, उलट वाढते. त्या काळी काय सहज हसण्यावारी जात होते, याचा पुरावा एरवी शोधायचा कुठे? सरकारी अहवालात तो मिळणार नाही.

तिसरी गोष्ट भिंतीच्या अंगाची. चित्र पूर्ण झाले त्या दिवशी जसे होते तसेच आज आहे, असे गृहीत धरणे भाबडेपणाचे. मुंबईच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते, पोपडे निघतात, मग कोणीतरी गिलावा भरतो आणि रंग जुळवतो. खाण्यापिण्याच्या जागी तेलकट वाफ असतेच. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी काटेकोर झाली. तोवर अशा उपाहारगृहांतल्या भिंतींनी सिगारेटचा धूरही पचवलेला असतो. डागडुजीचा हात कोणता आणि मूळ हात कोणता, हे तिरप्या प्रकाशात निरखल्यावर पुष्कळदा कळते. मारिओंची रेघ सलग, आत्मविश्वासाची असते. नक्कल करणाऱ्याची रेघ जागोजाग थबकते.

कायद्याकडे वळलो तर चित्र फारसे आशादायक नाही. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरायला शंभर वर्षे भरावी लागतात, म्हणजे मोंडेगारच्या भिंतींचा योग २०९० नंतरचा. ‘कलानिधी’ म्हणून सरकार त्याआधीही एखाद्या दिवंगत कलावंताचे काम घोषित करू शकते. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस यांच्याबाबतीत ते झाले आहे. मारिओ त्या मोजक्या नावांत नाहीत. बृहन्मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची, पण तिचे लक्ष मुख्यतः इमारती आणि परिसर यांवर; पहिल्या श्रेणीखालच्या वास्तूंत अंतर्गत बदलांना बरीच मोकळीक आहे. दर्शनी भागाचा कठडा जपला जाईल, आतली भिंत रंगवली जाईल.

उरतो कलावंताचा नैतिक हक्क, म्हणजे १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५७. येथे एक खटला ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी सुमारे १४० फूट लांबीचे कांस्य भित्तिशिल्प घडवले होते. १९७९ साली ते उतरवून गोदामात टाकण्यात आले आणि त्याची मोडतोड झाली. सहगल न्यायालयात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन पाच लाख रुपये भरपाई आणि अवशेषांची परतफेड देवविली. पण याच न्यायालयाने २०१९ मध्ये वास्तुविशारद राज रेवाल यांच्या प्रकरणात वेगळी दिशा घेतली : प्रगती मैदानावरचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ समूळ पाडले गेले, त्यावर रचनाकाराला हरकत घेता येत नाही असा निर्णय झाला. चित्रावर ओरखडे काढले तर दाद मागता येईल, भिंतच पाडली तर कठीण. मालकीचा हक्क शेवटी जड भरतो.

म्हणूनच मालकाची मर्जी हाच आजचा खरा संरक्षक कायदा आहे. याच रस्त्यावर थोडे पुढे लिओपोल्ड कॅफे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा तेथील चालकांनी बुजवल्या नाहीत, मुद्दाम राखल्या. गिलाव्याचे काम एका दिवसाचे होते. ते न करण्याचा निर्णय एका व्यावसायिकाने घेतला आणि तेवढ्यामुळे एक ऐतिहासिक साधन टिकले.

आपल्यापैकी ज्यांना खरोखर हात घालायचा आहे त्यांनी मालकापासूनच आरंभ करावा, कॅमेरा नंतर. परवानगी लेखी घ्यावी. गर्दी नसलेली सकाळ मागावी. भिंतीचे चौकोनांत विभाजन करून प्रत्येक चौकोन समोरून, कॅमेरा भिंतीला समांतर ठेवून टिपावा. लगतच्या चौकोनांचा काही भाग दोन्ही छायाचित्रांत येऊ द्यावा, म्हणजे पुढे ती जोडता येतात. चौकटीत मोजपट्टी आणि रंगपट्टी हवीच. मग एकदा दिवा बाजूला धरून तिरप्या प्रकाशात. फ्लॅश टाळावा, भिंतीला हात लावू नये, ‘जरा पुसून घेतो’ असे तर मुळीच म्हणू नये. व्हार्निशची गोष्ट वर सांगितलीच आहे. त्यानंतर जुन्या वाढप्यांशी बोलावे. कोणता कोपरा कधी गळला, कोणती आकृती पुन्हा रंगवली, हे गल्ल्यावर बसणाऱ्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते. संशोधनासाठी अशी नोंद करायला कायद्याची आडकाठी नाही. पुस्तकात छापायचे असेल तर मात्र हक्कदारांची संमती लागेल, कारण सार्वजनिक जागेतल्या शिल्पांच्या छायाचित्रांना कायद्याने दिलेली सवलत रंगचित्रांना दिलेली नाही. मारिओंच्या कामावरचा स्वामित्वहक्क २०७१ अखेरपर्यंत आहे.

मारिओ प्रसिद्ध होते, म्हणून त्यांच्या भिंतींचा निदान उल्लेख तरी होतो. पणजीच्या महापालिका बाजारातही त्यांची चित्रे लोक थांबून पाहतात. परंतु ज्या परंपरेत दुकानाची पाटी, नाटकाचा पडदा आणि देवघराची भिंत एकच हात रंगवत असे, ती परंपरा निनावी माणसांची आहे. कोल्हापूरच्या बाबूराव मिस्त्रींनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले आणि लोकांनी त्यांचे आडनावच ‘पेंटर’ करून टाकले. ते चित्रपटांत गेले म्हणून आपल्याला ठाऊक. त्यांच्यासारखे गावोगावी होते. सलूनमधला हिमालय, पिठाच्या गिरणीवरचा मारुती, सोडावॉटरच्या दुकानावरची बाटली हातात घेतलेली बाई, लॉन्ड्रीच्या फळीवरचा हंस : ही सगळी त्यांची कामे. फ्लेक्सचे फलक आले आणि त्यांतील बहुतेक त्याखाली झाकली गेली, नाहीशी झाली असे नव्हे. जुना फलक उतरताना मागची भिंत पाहायला उभे राहिलात, तर डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात नजर टाका. सही बहुधा तेथेच असते. नावापुढे ‘आर्टिस्ट’ किंवा ‘पेंटर’, आणि नशीब असेल तर साल.